निडीच्या दवातून सिमल्याच्या बर्फाकडे

पनवेलहून निघालेली गाडी पेण ओलांडून नागोठण्याला येते आणि रोहा येण्यापूर्वी निडी नावाच्या एका लहानशा स्थानकावर क्षणभर विसावते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या या फलाटाकडे न पाहताच निघून जातात. दिवा ते रोहा अशी धावणारी सवारी गाडी मात्र त्याची आठवण ठेवते. पौषाच्या दिवसांत पहाटेच्या गाडीने येथे उतरणाऱ्याला कोकणातल्या थंडीचे खरे रूप दिसते. भाताची कापणी आटोपलेली असते, खाचरांतल्या उरल्यासुरल्या ओलाव्यावर वाल तरारलेला असतो, आणि गवताच्या पात्यापात्यावर दव साचलेले असते. अंगणात शेकोटी पेटते, शेताच्या बांधावर वालाच्या शेंगांची पोपटी लागते, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास धुरात मिसळतो. पण ही सगळी थंडी उन्हाच्या पहिल्या तिरिपेपर्यंतची. आठ-नऊ वाजले की दव उडते, खांद्यावरची चादर दोरीवर जाते, आणि दुपारी पुन्हा पंखा लागतो.

अशा गावातल्या घराचे कपाट उघडले तर पावसाची सगळी तयारी सापडते. छत्र्या, रेनकोट, प्लॅस्टिकच्या चपला, अडगळीत पडलेले एखादे जुने इरले. थंडीची तयारी मात्र एका स्वेटरात, एका कानटोपीत आणि कोणाच्या तरी लग्नात मिळालेल्या शालीत संपते. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली ती शाल वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच घडीबाहेर येते. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत सिमल्याला जायचे असा बेत अशा घरात ठरला की पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो. तिथे घालायचे काय, हा तो प्रश्न असतो.

वरवर हा प्रश्न हौसेचा वाटतो. थोडे खोलात गेले की त्यात दुसरेच काही दडलेले आढळते. मुलांना जाकिटे हवी असतात, सुनेला छायाचित्रांत शोभून दिसेल असा कोट हवा असतो, आणि आजी हळूच म्हणतात, "तुम्ही जाऊन या. घराची राखण करायला कुणीतरी हवंच." राखणीचे हे कारण बहुधा खरे नसते. गुडघे थंडीने आखडतील, साडीखालून वारा शिरेल, आणि या वयात पायजमा नि कोट चढवून लोकांपुढे कसे जायचे, ही खरी अडचण असते. ती बोलून दाखवली जात नाही, म्हणून ती सोडवलीही जात नाही. पोशाखाचा प्रश्न नीट सुटला तर घरातले सगळे एकत्र जातात. न सुटला तर एक माणूस मागे राहते. थंड प्रदेशातल्या सहलीच्या कपड्यांचा विचार करायचा तो एवढ्याचसाठी.

बाजारात गेल्यावर कोकणातला माणूस हमखास एक चूक करतो. थंडी मोठी म्हणून जाकीटही मोठे, असा साधा हिशेब तो मांडतो आणि सर्वांत जाड, सर्वांत फुगीर वस्तू घेऊन येतो. आत नेहमीचा सुती गंजीफ्रॉक, वर नेहमीचा शर्ट आणि त्यावर ते अवजड जाकीट. सिमल्यात चढाचा रस्ता चढताना त्याला घाम फुटतो, सूत तो घाम धरून ठेवते, आणि सावलीत दोन मिनिटे उभे राहताच ओले कापड पाठीला बर्फासारखे लागते. उपाहारगृहात शिरल्यावर जाकीट काढावे तर आत फक्त पातळ शर्ट. ठेवावे तर जीव गुदमरतो. हजारो रुपये खर्चूनही माणूस एकतर घामाघूम असतो, नाहीतर कुडकुडत असतो.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर त्याच्या घरातच घडी घालून ठेवलेले असते. ते म्हणजे गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्यांचे थरावर थर ठेवून, धावदोऱ्याने शिवून केलेली गोधडी ऊब देते ती कापडाच्या जाडीमुळे नव्हे, तर थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. अंगातली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी अधिक उबदार वाटतात. थंड देशांतली माणसे कपडे घालतात ती याच न्यायाने, आणि बर्फाळ डोंगर चढणारे गिर्यारोहकही हेच करतात.

असे तीन थर पुरेसे होतात. पहिला अंगाला बिलगणारा, ज्याला दुकानात थर्मल म्हणतात. त्याचे काम घाम शोषून बाहेरच्या बाजूला नेण्याचे आणि त्वचा कोरडी ठेवण्याचे. तो सैल घेतला तर उपयोग निम्मा होतो. दुसरा थर हवा कोंडून धरणारा. लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. तिसरा थर वारा आणि बर्फ अडवणारा. तो जाड असण्याची गरज नाही, त्यातून वारा शिरता कामा नये एवढेच. ऊन पडले की एक थर काढावा, सावली आली की घालावा. तीन थर मिळूनही ते एका अवजड जाकिटापेक्षा हलके भरतात, बॅगेत कमी जागा घेतात, आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे नीटनेटका दिसतो. उबेची आणि देखणेपणाची सांगड येथेच बसते. माणूस फुगलेला दिसत नाही, त्याच्या अंगाची ठेवण दिसते.

लोकरीचा गुणही कोकणाला अपरिचित नाही. देशावरच्या धनगरांनी विणलेली घोंगडी घाट उतरून खाली आली आणि कोकणातल्या गुराख्याने ती भर पावसात डोक्यावरून पांघरली. लोकर भिजली तरी बराच वेळ ऊब देत राहते, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते. खांद्यावर अनुभवले होते. आणि दिव्याहून जी गाडी निडीला येते, त्या दिव्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या गिरणीतून पुढे रेमंड हे नाव देशभर पोहोचले. जिथे कधी हिवाळा पडत नाही अशा खाडीकाठी उभ्या राहिलेल्या गिरणीतले लोकरी कापड उत्तरेतल्या थंडीत कोट होऊन वावरले, ही गोष्ट मोठी गंमतीची आहे.

उष्ण प्रदेशातून थंड शहरात गेलेल्या माणसांचा इतिहास चाळला तर पोशाखाचे हे कोडे प्रत्येकाला पडलेले दिसते. १८८८ च्या सप्टेंबरअखेरीस काठेवाडचा एक तरुण विलायतेच्या किनाऱ्यावर उतरला. उतरताना शोभून दिसावे म्हणून त्याने पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख राखून ठेवला होता. धक्क्यावर पाहतो तो काय, तसले पांढरे कपडे घातलेला तो एकटाच! सामान आणि किल्ल्या एजंटाच्या हवाली केलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. पुढे लंडनमध्ये त्याने बाँड स्ट्रीटवरून दहा पौंडांचा सूट शिवून घेतला आणि एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समोर त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती. शपथ त्यांनी निष्ठेने पाळली. पोशाखाची हौस मात्र काही काळ भागवून घेतली, आणि आत्मकथेत ती मोकळेपणाने सांगितलीही.

तेच गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी पुन्हा लंडनला गेले तेव्हा शरद ऋतूतल्या त्या गारठ्यात त्यांच्या अंगावर पंचा आणि शाल होती. त्याच परिषदेच्या सचिवालयात एक मराठी अधिकारी काम करत होते. ते म्हणजे रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख. कुंडलिकेच्या काठचा हा मुलगा केंब्रिजला शिकायला गेला, आय. सी. एस. परीक्षेत पहिला आला आणि पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. एकाच शहरात, एकाच सभेच्या निमित्ताने एक माणूस शालीत होता आणि दुसरा सरकारी अधिकाऱ्याच्या रीतसर पोशाखात. दोघांनाही आपण काय घातले आहे आणि का, हे पक्के ठाऊक होते. पहिल्या खेपेच्या पांढऱ्या फ्लॅनेलात नेमकी तीच खात्री नव्हती.

जैन वाचकांना आणखी एक नाव आठवेल. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोला भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी. त्यांची जी छायाचित्रे आज पाहायला मिळतात त्यांत डोक्यावर पगडी आहे आणि खांद्यावर शालीसारखे वस्त्र आहे. परक्या देशात त्यांनी आपल्या आहाराचे नियम सांभाळले आणि पगडीही उतरवली नाही. त्या छायाचित्रांकडे पाहताना पोशाख परका वाटत नाही, रुबाबदार वाटतो. आपली वस्त्रे आत्मविश्वासाने नेसली की ती कोणत्याही शहरात शोभतात, याचा त्याहून चांगला दाखला शोधावा लागत नाही.

पण आत्मविश्वासाने ऊब मिळत नाही, हेही तितकेच खरे. त्याची आठवण देणारी कहाणी डॉ. आनंदीबाई जोशी यांची आहे. कल्याणच्या या मुलीने लग्नानंतर, गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीमुळे, काही काळ अलिबागला काढला होता. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या मातीशी तिचे नाते होते. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. आपला पोशाख सोडायचा नाही हा त्यांचा निर्धार होता. अडचण अशी की नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहत, आणि तिथला हिवाळा पोटऱ्यांना माफ करणारा नव्हता. अखेर त्यांनी गुजराती पद्धतीने, घोट्यापर्यंत झाकणारी साडी नेसायला सुरुवात केली. पोशाख आपलाच राहिला आणि थंडीशी तडजोडही झाली. त्यांच्या खोलीतल्या शेगडीचा धूर मात्र खोलीतच कोंडत असे. धूर सोसावा की गारठा, एवढीच निवड उरे.

११ मार्च १८८६ रोजी त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. क्षय थंडीने होत नाही, जंतूंमुळे होतो. तरीही अपुरा आहार, धुराने भरलेली खोली आणि सततचा गारठा यांनी झिजलेले शरीर कोणत्याही रोगापुढे दुबळे ठरते. उबदार कपडे ही निव्वळ चैन मानणाऱ्यांनी ही कहाणी एकदा आठवून पाहावी. आणि साडीखाली काही घालायला संकोचणाऱ्या आजींनाही ती जरूर सांगावी.

"आई, आनंदीबाईंनीसुद्धा थंडीसाठी साडी नेसायची पद्धत बदलली होती," असे सुनेने म्हटले की आजींचा विरोध अर्धा मावळतो. "अगं, पण साडीखाली पायजमा?" असा उरलेला अर्धा प्रश्न येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. तो दिसत नाही! अंगाला बिलगणारा थर्मल पायजमा, त्यावर नेहमीच्या सुती परकराऐवजी जाडसर लोकरी किंवा फ्लीसचा परकर, आणि मग साडी. पोलके पूर्ण बाह्यांचे आणि बंद गळ्याचे. त्याखाली थर्मलचा वरचा भाग. साडी दोन बोटे वर नेसावी, म्हणजे बर्फाच्या चिखलात काठ भिजत नाही. ओला काठ पायाला सतत चिकटत राहतो आणि बाकीची सगळी तयारी फुकट घालवतो. पदर कोटाच्या आत घ्यावा आणि कोटावरून शाल ओढून घ्यावी. गुडघ्याखालपर्यंत येणारा, सरळ कापाचा, गडद रंगाचा लोकरी कोट साडीवर जितका शोभतो तितके आखूड फुगीर जाकीट शोभत नाही. कोटाच्या खाली दिसणारा साडीचा रंगीत काठ हाच मग सगळ्या पोशाखाचा दागिना होतो.

सिमला हे शहर अशा पोशाखाचे चीज करणारे आहे. पनवेल गाठावे, तेथून दिल्ली किंवा चंदीगड, आणि पुढे कालका. कालक्याहून सिमल्याला जाणारी अरुंद मार्गाची गाडी १९०३ साली सुरू झाली. ९६ किलोमीटरच्या वाटेत ती शंभराहून अधिक बोगद्यांतून जाते आणि सुमारे १४०० मीटर चढते. २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत या मार्गाचे नाव आले. याच प्रवासात नवखे प्रवासी एक धडा शिकतात. कालक्याला ऊन असते म्हणून स्वेटर मोठ्या पेटीत बंद करून ती पेटी बाकाखाली सरकवलेली असते. बडोगचा बोगदा ओलांडून सोलनकडे जाता जाता खिडकीतून येणारा वारा बदलतो, आणि त्या दाटीत पेटी बाहेर काढता येत नाही. म्हणून टोपी, मफलर, हातमोजे आणि मधला थर नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावा. उकळलेल्या पाण्याचा थर्मासही त्याच पिशवीत असावा. घराच्या नियमासाठी नेलेले ते पाणी डोंगरावर औषधासारखे लागते.

समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटरवर वसलेले हे गाव १८६४ पासून इंग्रज सरकारची उन्हाळी राजधानी होते. माल रोडवर संध्याकाळी नटूनथटून फेरफटका मारायचा हा येथला रिवाज त्या काळातला. आजही पर्यटकांची वाहने त्या रस्त्यावर येत नाहीत. सगळे पायी चालतात, आणि पायी चालणारा माणूस दिसतो. १८८७ मध्ये उघडलेले गेटी थिएटर, रिज मैदानाच्या टोकाला असलेले ख्राइस्ट चर्च, लक्कड बाजारातली लाकडी खेळणी, लोअर बाजाराच्या अरुंद पायऱ्या हे सारे पायांनीच पाहावे लागते. त्यामुळे सिमल्यात पोशाखाचा विचार पायांपासून सुरू करावा. जानेवारीत तिथले रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास येते, आणि सकाळी सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा पापुद्रा धरलेला असतो. गुळगुळीत तळव्याचा नवा, चकचकीत बूट तिथे घसरतो. खोल खाचांचा रबरी तळवा असलेला, घोट्यापर्यंत बंद बूट घ्यावा. तो घेताना जाड मोजे घालूनच मापून पाहावा. बूट घट्ट झाला तर रक्ताभिसरण मंदावते आणि दोन मोजे घालूनही बोटे बधिर होतात. वयस्कर माणसांच्या बाबतीत तर दिसण्याआधी तळवा पाहावा. या वयातले पडणे सहलीपुरते राहत नाही.

कुफ्रीसारख्या बर्फाच्या ठिकाणी कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. एका दिवसाच्या बर्फासाठी ते विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे शहाणपणाचे. मोजे आणि हातमोजे मात्र स्वतःचे असावेत. भाड्याच्या त्या भडक पोशाखात सगळ्या कुटुंबांची छायाचित्रे सारखीच येतात. त्यात आपल्या गळ्यातला मफलर किंवा आपली शाल वरून घेतली की छायाचित्रातला माणूस ओळखू येतो. रंगांच्या बाबतीत एक साधा नियम पाळला तरी पुरतो. कोट, पायजमा, बूट या मोठ्या वस्तू शांत रंगाच्या घ्याव्यात, म्हणजे त्या कशावरही चालतात. टोपी, मफलर आणि शाल यांत मनसोक्त रंग असू द्यावा. चार दिवस तोच कोट घालूनही मग दररोजचा पोशाख वेगळा दिसतो. हिमाचलात गेल्यावर अशा रंगांची ददात नसते. कुलूच्या शालींच्या टोकांवरचे भौमितिक पट्टे, किन्नौरी शालींवरची बारीक गुंतागुंतीची वीण, आणि हिरव्या किंवा लाल मखमलीची पट्टी असलेली पहाडी टोपी. आजोबांनी ती टोपी एकदा घातली की गावी परतल्यावरही सकाळच्या दवात ती डोक्यावर दिसते.

खरेदीच्या वेळी अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांना आणखी एक चाळणी लावावी लागते. हलक्या आणि फुगीर जाकिटांच्या आत बहुधा बदकांची किंवा हंसांची मऊ पिसे भरलेली असतात. चिठ्ठीवर 'डाऊन' हा शब्द असेल तर ते जाकीट तसलेच समजावे. पॉलिएस्टरच्या धाग्यांनी भरलेली जाकिटे दिसायला तशीच असतात, भिजली तरी लवकर वाळतात आणि सिमल्याच्या थंडीला पुरेशी होतात. कॉलरभोवतीचा केसाळ गोफ, बुटांचे आणि हातमोजांचे चामडे यांचीही चौकशी दुकानदाराला न संकोचता करावी. कृत्रिम चामड्याचे आणि कापडी बूट आता सहज मिळतात. रेशमासाठी कोशातले किडे उकळले जातात. एरी रेशमात पतंग बाहेर पडल्यानंतरचा कोश वापरता येतो. पश्मीना म्हणजे लडाखच्या शेळीच्या अंगावरची, वसंतात विंचरून काढलेली लव. शेळी जिवंत राहते. शाहतूश मात्र चिरू या तिबेटी हरणाला मारूनच मिळते, आणि तिचा व्यापार हा कायद्याने गुन्हा आहे. कोणी हळूच, अंगठीतून शाल ओढून दाखवत, ती विकू पाहिली तर तिच्याकडे पाहूही नये.

लोकर वापरावी की नाही, याबद्दल घरोघरी वेगवेगळी मर्यादा आढळते. मेंढीची लोकर कातरली जाते, तिचा जीव जात नाही, म्हणून काही घरे ती घेतात. कातरण्यातली आणि पैदाशीतली पीडा नको म्हणून काही घरे टाळतात. टाळणाऱ्यांनी थंडीने कुडकुडण्याचे कारण नाही. अॅक्रिलिक आणि फ्लीस यांतून चांगली ऊब मिळते. उत्तर हिंदुस्थानातल्या गरम कपड्यांचे मोठे केंद्र म्हणजे लुधियाना, आणि तिथल्या या उद्योगात ओसवाल जैन कुटुंबांनी मोठी भर घातली आहे. ओसवाल वूलन मिल्स ही १९४९ सालापासूनची. मोहोळासारख्या गजबजलेल्या त्या विणकाम-बाजारातून निघालेला स्वेटर निडीच्या कपाटात येऊन पडतो, तेव्हा एका उष्ण किनाऱ्याची आणि एका थंड मैदानाची गाठ पडलेली असते.

कपड्यांनी सगळे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सिमल्यातली पुष्कळशी विश्रामगृहे आतूनही गार असतात. कोकणातल्या माणसाला दार लावले की थंडी बाहेर राहील असे वाटते, आणि तसे होत नाही. झोपताना कोरडे मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी जवळ असावी. दिवसभर घातलेला थर्मल घामाने दमट झालेला असतो. तो बदलूनच अंथरुणात शिरावे. आणि कोणी खोलीत कोळशाची अंगीठी आणून ठेवली तर ती दारे-खिडक्या बंद करून कधीही जवळ घेऊन झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेतून अशा दुर्घटनांच्या बातम्या येतात. आनंदीबाईंच्या खोलीतला धूर निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

राहिला खर्चाचा प्रश्न. चार माणसांसाठी सगळे नवे घ्यायचे म्हटले तर प्रवासापेक्षा कपड्यांचाच खर्च अधिक होतो, आणि परतल्यावर ते सगळे कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहते. पण निडी, नागोठणे, रोहा, पेण या टापूतली घरे एकमेकांना ओळखतात. एका घरचा कोट दुसऱ्या घरी, दुसऱ्याचे बूट तिसऱ्या घरी, अशी देवघेव लग्नातल्या भांड्यांची पूर्वीपासून होत आली आहे. कोटाची व्हायला काही हरकत नाही. अंगाशी लागणारे कपडे, मोजे आणि बूट आपले घ्यावेत, वरचा कोट आणि जाकीट मागून आणावे. मागून आणलेली वस्तू परत करताना ती स्वच्छ, वाळलेली आणि बटणे शाबूत असलेली असावी, एवढा जुना शिष्टाचार पाळला की पुढच्या वर्षीही ती मिळते. आपल्या जवळची एखादी चांगली वस्तू आपल्याकडेच अडकवून न ठेवता तिचा उपयोग दुसऱ्याला होऊ द्यावा, हा परिग्रह कमी करण्याचा अगदी घरगुती प्रकार आहे.

अशी तयारी झाली की सिमल्याच्या रिज मैदानावर, सकाळी अकराच्या कोवळ्या उन्हात, एका बाकावर एक आजी बसलेल्या दिसतात. गडद कोटाखालून साडीचा काठ डोकावत असतो, पायांत खाचांच्या तळव्याचे बूट, कानांवरून शाल. समोर चर्चच्या मनोऱ्यावर रात्रीचे बर्फ वितळत असते. नातवंडे धावत येऊन त्यांच्या हातात बर्फाचा गोळा देतात. त्या हातमोजा काढून, एकदाच, उघड्या तळहाताने तो धरून पाहतात. पंचाहत्तर वर्षे ज्या हातांनी फक्त दव पुसले, त्यांना बर्फ कसा लागतो ते त्या क्षणी कळते. घराची राखण करायला शेजारी असतातच.

परतल्यावर निडीच्या अंगणात दोरीवर कोट वाळत पडतो. फाल्गुनातले ऊन आता कडक झालेले असते. दोन दिवस ऊन देऊन, खिसे झटकून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून तो ट्रंकेत जातो. एका खिशात कालका-सिमला गाडीचे तिकीट राहून गेलेले असते. ते काढायचे कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या मार्गशीर्षात रोह्याच्या एखाद्या घरातून निरोप येतो, की आमच्या आईंना या वर्षी न्यायचे आहे, तुमचा तो लांब कोट मिळेल का. आणि ट्रंक पुन्हा उघडली जाते.